सोफ्यावरचे आजोबा

जाहिरातीतल्या बापाला सेकंड शिफ्ट नसते. ही गोष्ट खरं तर माझ्या लगेच लक्षात यायला हवी होती. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. खोक्यावर लिहिलेलं आणि खोक्यात असलेलं एकच आहे का, एवढं बघण्याचा मला पगार मिळतो. पण माणूस घरी आला की अक्कल कंपनीच्या बसमध्ये विसरून येतो, त्याला मी तरी काय करणार.

जाहिरात होती टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या मशीनची. पांढराशुभ्र सोफा, त्यावर बाप, आई, मुलगी आणि स्वेटर घातलेले आजोबा. सगळ्यांच्या हातात तो दोन शिंगांचा रिमोट आणि सगळे पोट धरून हसतायत. खाली अक्षरं, 'संपूर्ण कुटुंबासाठी'. त्या घरात कुकरची शिट्टी होत नव्हती, पाण्याची मोटर बंद करा म्हणून कुणी ओरडत नव्हतं. आणि मुलगी चक्क बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. माझी वैष्णवी नववीत गेल्यापासून माझ्याशी 'रिचार्ज' आणि 'इथे सही करा' या दोनच विषयांवर बोलते. हे त्या जाहिरातवाल्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण त्याने नेम बरोबर धरला होता. मी दुसऱ्याच दिवशी रविराजच्या दुकानात गेलो.

रविराज हा माझ्या बायकोचा, नीलमचा मामेभाऊ. शिरूरला त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे आणि यवतला दुसरी शाखा. तो बोलायला लागला की समोरचा माणूस फ्रीज घ्यायला आलेला असतो तो वॉशिंग मशीन घेऊन जातो.

"दाजी, तुम्ही विकत कशाला घेताय?" तो म्हणाला. "मशीन असंच घेऊन जा. फक्त एक फोटो द्या."

"कसला फोटो?"

"कुटुंबाचा. वरनं कंपनीचं पोस्टर आलंय, पण त्यातली माणसं बघून गिऱ्हाईक म्हणतं, ही दुबईची दिसत्यात, ह्यांना काय कामधंदा हाय. आपल्या हितली माणसं पायजेत. फ्लेक्स बघून वाटलं पायजे, आरं, हा तर आपला हौशीराम, ह्याच्या घरी चालतंय म्हंजी आपल्याबी घरी चालंल."

"पण गेम तर पोरं खेळतात. फोटो पोरांचा घे."

"तीच तर गंमत हाय, दाजी. पोरांना विकायला गेलं की आईबाप भांडायला येत्यात. कुटुंबाला विकलं की आईबापच पाकीट काढत्यात." हे बोलून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातलं पाकीट मी हळूच खिशात ठेवलं.

फोटोसाठी पुण्याहून माणूस आला. त्याच्याबरोबर पांढरा सोफा आला आणि एका टॅबवर 'लेआउट'. लेआउट म्हणजे कोण कुठे बसणार, कुणाचं तोंड कुठे, हे सगळं वरून मंजूर होऊन आलेलं चित्र. त्यात आजोबा होते.

"आजोबा कुठायत?" त्याने विचारलं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, जाऊन आठ वर्षं झाली. मी म्हटलं, "आजी आहे, चालेल का?" आई तेव्हा आमच्याकडेच होती. एरवी ती गावी, यवतजवळ, माझ्या थोरल्या भावाकडे बापूदादाकडे असते, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन शिरूरला केल्यामुळे महिनाभर आमच्याकडे राहिली होती. फोटोवाल्याने तिच्या ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं आणि टॅब माझ्यापुढे धरला. "लेआउट अप्रूव्ह झालाय सर. आजोबाच लागतील."

"समोरच्या इसहाक सरांना बोलवा की," नीलम म्हणाली.

इसहाक सर म्हणजे मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. पांढरे केस, ताठ कणा. मी कंपनीत आणि नीलम पतपेढीत, त्यामुळे दुपारचं औषध आईच्या डोळ्यात तेच येऊन घालत. त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, "आजोबाचं काम आहे का? शाळेच्या नाटकात मी राजा व्हायचो. येतो." आणि ऑक्टोबर हीटमध्ये नाताळचा लाल स्वेटर इस्त्री करून, घालून आले.

आई बाजूला खुर्चीवर बसून सगळं बघत होती. फोटोवाल्याला उजेड कमी पडायला लागला. त्याने एक मोठा थर्माकोल काढला आणि तो धरायला माणूस शोधायला लागला. आई उठली. "आण इकडं. मला उभं ऱ्हायला काय हुतंय?" तिने तो पांढरा थर्माकोल दोन्ही हातांनी असा धरला की सगळा उजेड इसहाक सरांच्या तोंडावर पडला.

"आता हसा," फोटोवाला म्हणाला. "तुम्ही जिंकलाय."

"कशात?" मी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाहीये."

समोर टीव्ही नव्हता, भिंत होती. हातातल्या रिमोटला वायर नव्हती. आम्ही भिंतीकडे बघून हसायला लागलो. इसहाक सरांनी हसता हसता शंका काढली, "सगळेच जिंकले तर हरतंय कोण?" पण फोटोवाल्याने त्यांना हात माझ्या खांद्यावर ठेवायला सांगितलं आणि तो विषय तिथेच राहिला. वैष्णवीने मात्र खरोखर माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. फोटो झाल्यावर काढलं, पण ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात फ्लेक्स लागले. एक शिरूरला स्टँडजवळच्या चौकात आणि एक यवतला हायवेवर, बरोबर त्या डेअरीसमोर जिथे बापूदादा रोज सकाळी दूध घालतो. ही जागा रविराजने निवडली होती आणि त्याबद्दल मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

शिरूरचं आधी सांगतो. पहिला दिवस बरा गेला. कंपनीच्या बसमध्ये लोकांनी मला खिडकीची जागा दिली. गेटवरचा युपीचा सिक्युरिटीवाला "सर, आप तो हीरो बन गये" म्हणाला, तेव्हा मी बॅज सरळ केला. संध्याकाळी हन्नाबाई, म्हणजे इसहाक सरांच्या मिसेस, आमच्या दारात आल्या. "तुमच्या सोफ्यावर सर कसे हसतायत बघितलं मी," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून आमच्या घरात असे हसले नाहीत. आणि काय हो, संपूर्ण कुटुंब म्हणता, त्यात आजीला जागा नसते का?" मी लेआउटचं कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण वाटीभर साखर न्यायला आल्या होत्या ती न घेताच गेल्या.

मग आमच्या भावकीतल्या सोपानरावांचा फोन आला. सोपानराव म्हणजे ज्यांना कुणी बोलावत नाही आणि जे कुठे चुकत नाहीत. "हौशीराम," ते गंभीरपणे म्हणाले, "तुझ्या वडलांच्या तेराव्याला मी जेवलोय. बुंदी दोनदा घेतली. मग सोफ्यावर कोण बसलंय?"

मी समजावून सांगायला सुरुवात केली. ते मध्येच म्हणाले, "बापूनं बघितलं का?"

बापूदादाचा फोन रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी येतो. गेली कित्येक वर्षं येतो. पाणी आलं का, पोरगी अभ्यास करती का, आई बरी हाय का किंवा आई तिकडे असेल तर आईचा निरोप. एवढं विचारायचं आणि 'ठेवतो' न म्हणता ठेवून द्यायचा. वडील गेल्यावर मी शिरूरला आणि तो गावाला, या फोनवर आमचं घर एक राहिलं होतं असं म्हटलं तरी चालेल. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच लावला. वहिनींनी उचलला.

"ते गोठ्यात हायेत."

"जेवायच्या वेळेला?"

"आता ते गोठ्यातच असत्यात," वहिनी म्हणाल्या. मग आवाज बारीक करून, "आत्याबाईंनी सगळ्या गावात सांगितलंय, फोटोची लाईट मी धरली हुती म्हणून."

झालं. आई आदल्याच आठवड्यात गावी परत गेली होती आणि बिचारी कौतुकाने सांगत सुटली होती. तिला स्वतःला काहीच वाटलं नव्हतं. पण दादाच्या कानात ते कसं गेलं असेल, हे मला बसल्या जागी ऐकू आलं. आईला थर्माकोल धरायला उभी केली आणि वडिलांच्या जागेवर परका म्हातारा बसवला.

फ्लेक्स काढून टाकावा म्हणून मी परवान्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद पाहिला. "हा काढता येणार नाही."

"माझाच फोटो आहे, साहेब. मीच म्हणतोय काढा."

"रीतसर परवानगी आहे ना. मुदत संपेपर्यंत आम्ही हात लावू शकत नाही. बेकायदा असता तर संध्याकाळपर्यंत काढला असता." मग त्यांनी फ्लेक्सचा फोटो जवळ घेऊन पाहिला आणि विचारलं, "वाढदिवस कुणाचाय?" आमच्याकडे फ्लेक्सवर माणसं दिसली की कुणाचा तरी वाढदिवस, निवड किंवा दहावा असतो. चौथा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता.

आता शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मार्ग सुचवायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या सिंधूबाई म्हणाल्या, "त्यात काय अवघड? आजोबांच्या तोंडावर आईंचं तोंड चिकटवा." हा सल्ला मला पटला. यावरून माझी मनःस्थिती कळावी. यवतच्या गेणबा फ्लेक्सवाल्याला फोन केला आणि आईचा आधार कार्डावरचा फोटो पाठवला. गेणबाने दुपारीच काम उरकलं आणि मला फोटो टाकला. डोक्यावर पदर घेतलेली, आधार कार्डाच्या चेहऱ्याची माझी आई, लाल स्वेटर आणि पँट घालून, सोफ्यावर मांडी घालून, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. खाली 'संपूर्ण कुटुंबासाठी'.

दोन दिवसांनी हायवेच्या वाऱ्याने स्टिकर अर्धा सुटला. मग एक डोळा आईचा आणि एक इसहाक सरांचा, असं ते कुटुंब डेअरीकडे बघत राहिलं. गावातली पोरं तिथे थांबून सेल्फी काढतात, अशी बातमी सोपानरावांनी मुद्दाम फोन करून दिली.

मग मात्र मी सुट्टी टाकली आणि न्हावरा, चौफुला करत मोटारसायकलवर गावाला गेलो.

दादा गोठ्यातच होता. म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. मी "दादा" म्हटलं. त्याने दुसऱ्या म्हशीवर पाणी मारलं. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. दादा तिला म्हणाला, "आई, त्याला म्हणावं चहा पी."

"त्यो तिथंच उभाय की," आई म्हणाली.

"तू सांग."

मी चहा प्यायलो. कप ठेवला आणि म्हणालो, "दादा, चुकलं माझं. ते लेआउट वरून आलं होतं."

त्याने बादली ठेवली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तो चिडलेला असता तर बरं वाटलं असतं. "मला फोटोची हौस न्हाई," तो म्हणाला. "लोकं डेअरीवर इचारत्यात. म्हणत्यात, बापूसाहेब, फ्लेक्सवर 'संपूर्ण कुटुंब' लिवलंय, मग तुमी कोण? काय सांगू मी त्यांना?"

स्टोअरमध्ये मी रोज हेच तपासतो आणि माझ्याच घरच्या खोक्यावर मी भलतंच लिहू दिलं होतं. डोळ्यात पाणी आलं ते गोठ्यातल्या धुराचं नव्हतं, कारण तिथे धूर नव्हता. मी म्हणालो, "नवीन फ्लेक्स लावतो. सगळ्यांचा."

"मला काय गरज न्हाई," दादा म्हणाला. पुन्हा बादली उचलली. थोड्या वेळाने म्हशीकडे बघतच विचारलं, "कवा?"

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटात ट्रॅक्टर शिरला. मी 'सगळ्यांचा' म्हणालो होतो, त्याचा अर्थ दादाने भावकीकडून काढून आणला होता. ट्रॉलीत चुलते, चुलत्या, त्यांच्या सुना, नातवंडं, भाकरीचं गाठोडं आणि न बोलावता सोपानराव. दादाने फेटा बांधला होता. आई नवं लुगडं नेसली होती आणि तिने गॉगल घातला होता.

एक काम मी आदल्या दिवशीच उरकून ठेवलं होतं. इसहाक सरांच्या घरी जाऊन, मान खाली घालून म्हणालो होतो, "सर, उद्या दादा येतोय. तुम्ही जरा..." सरांनी मला पुढचं बोलू दिलं नाही. "समजलं," ते म्हणाले. "खुर्च्या लागतील ना? आमच्या घेऊन जा." त्यांनी स्वतः सगळ्या खुर्च्या खाली आणून दिल्या आणि फोटोच्या वेळी गॅलरीत उभे राहिले.

सोफा पुण्याला परत गेला होता, त्यामुळे पार्किंगमध्ये लग्नासारखी रांग लावली. रविराज घामाघूम होऊन फिरत होता. "दाजी, गेम कुठं दिसायचा?"

"चुलत्यांच्या हातात दिलाय की."

चुलत्यांनी रिमोट बॅटरीसारखा पुढे धरला होता आणि फोटोवाल्याच्या तोंडावर उजेड पडायची वाट बघत होते. या वेळचा फोटोवाला लग्नांचे फोटो काढणारा, गावचाच होता. त्याने 'हसा' म्हटल्यावर कुणी हसलं नाही. आमच्याकडे फ्लेक्ससाठी हसत नाहीत, छाती काढतात. वर गॅलरीतून इसहाक सरांनी हात हलवला. मी बघितलं, पण पाहिलं नाही असं केलं. याची मला लाज वाटते.

फोटोनंतर भाकरी, पिठलं आणि ठेचा झाला आणि दादा म्हणाला, "आता ते मशीन तरी बघू." वैष्णवीने ते टीव्हीला जोडलं. पडद्यावर एक रेघ आली आणि ती भरायला लागली.

"हे काय?" दादाने विचारलं.

"अपडेट होतंय, काका. नेट स्लो आहे."

सगळी भावकी हॉलमध्ये जमिनीवर दाटीवाटीने बसून त्या रेघेकडे बघत राहिली. मधूनमधून कुणीतरी विचारायचं, "किती झालं?" आणि वैष्णवी सांगायची. तेवढ्यात वडिलांची आठवण निघाली, आमच्या विहिरीत पडलेल्या सोपानरावांच्या रेडकाची निघाली आणि दादा इतका हसला की फेटा सुटला. आई वैष्णवीला म्हणाली, "तुज्या आज्याला कुणी हरवलेलं चालत नव्हतं. पत्त्यात हरला की दिवा मालवायचा." वैष्णवी माझ्या खांद्याला टेकून ते ऐकत होती. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. सगळे ट्रॉलीत बसून गेले तेव्हाही रेघ पूर्ण भरली नव्हती.

जुन्याची मुदत संपल्यावर त्याच जागांवर नवा फ्लेक्स लागला, त्यात वर गोलात वडिलांचा हार घातलेला फोटो आला. खाली आई, मग दादा, मग वयाच्या क्रमाने आम्ही सगळे, प्रत्येकाच्या नावासकट. मशीन एका कोपऱ्यात होतं, ते कुणाला दिसलं नाही. चौकातला फ्लेक्स बघून लोक दादाला फोन करून विचारायला लागले, कुठल्या गटातून उभे राहताय. रविराज दोन दिवस कपाळाला हात लावून बसला आणि तिसऱ्या दिवशी हसत आला. शेजारच्या गावातली एक भावकी दुकानात आली होती. त्यांना गेमशी देणंघेणं नव्हतं, पण मशीन घेतलं तर फ्लेक्स लावणार का, एवढंच विचारत होते. "दाजी," तो म्हणाला, "कंपनीला हे कधीच जमलं नसतं." त्या भावकीला हसायचा मला हक्क नव्हता, कारण मीही मशीन अशाच एका चित्रासाठी घेतलं होतं. मला फक्त तो सोफा हवा होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या आधी फोन वाजला.

"पाणी आलं का?" दादा.

"आलं."

"आईचं डोळ्याचं औषध संपत आलंय."

"आणतो रविवारी."

आता तो ठेवणार म्हणून मी फोन कानापासून काढायला लागलो, पण त्याने ठेवला नाही. "फ्लेक्स आज नीट बघितला," तो म्हणाला. "समदी हायेत. सोपानरावबी हाय, त्याला तर कुणी बोलावलाबी नव्हता."

"हो."

"मास्तर कुठं हायेत?"

"इसहाक सर? दादा, मला वाटलं, तुला चालणार नाही..."

"तवा मला काय म्हाईत? आई आत्ता सांगतीय. महिनाभर तिच्या डोळ्यात औषध कुणी घातलं? तू का मी?" पलीकडून म्हशीच्या साखळीचा आवाज आला. "आप्पांच्या जागंवर एकदा बसलाय त्यो माणूस. आता त्याला उठवायचा व्हय? खुर्च्याबी त्याच्याच हुत्या म्हणं."

आणि 'ठेवतो' न म्हणता त्याने फोन ठेवला.

मी चपला घातल्या आणि समोरची बेल वाजवली. दार हन्नाबाईंनी उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पुन्हा फोटो?"

मी मान डोलावली.

"या वेळी मीपण येणार," त्या म्हणाल्या, आणि सरांचा स्वेटर काढायला आत गेल्या.